साणेची जावा

१२ ऑक्टोबर १९९८, सोमवार

शाहूपुरीतल्या डॉक्टरांनी आज सांगितलं, एक वही करा. भाऊ काय विसरतात, कधी विसरतात, त्या दिवशी घरात काय झालतं, सगळं लिहा आणि तीन-चार महिन्यांनी दाखवायला आणा. म्हणून ही वही. शाळेत मास्तर 'आहे', 'नाही' असं शुद्ध लिहून घ्यायचे, छडी घेऊन. आता मी दस्तगीर शिकलगार, वय अठ्ठावन्न, चौतीस वर्षं कारखान्यात लेथ मशीनवर काढून गेल्या महिन्यात रिटायर झालोय. मला आता कुणी मास्तर न्हाय. बोलतो तसंच लिहिणार. घरात आमची बोली मुसलमानी, पण शाळा मराठी झाली, त्यामुळं सगळ्यांचं बोलणं मराठीतच उतरवतो.

तर भाई. बादशहा शिकलगार, माझा थोरला भाऊ, वय सदुसष्ट. अब्बा गेले तेव्हा मी अकरा वर्षांचा आणि भाई वीसचा. अब्बांची साण, धार लावायचा फिरता दगड, त्यानं खांद्यावर घेतली आणि गावोगाव विळ्या-चाकूंना धार लावत हिंडला. त्यातनं मला शिकवलं, माझं लग्न केलं, आणि माझी बायको गेली तेव्हा मला हाताला धरून परत आपल्या घरात आणलं. इथं कोल्हापुरात, यादवनगरात आता आम्ही तिघंच. भाई, नजीराभाबी आणि मी. त्यांची पोरगी मुबशिरा इचलकरंजीला दिलीय.

दीड वर्ष झालं, भाईचं डोकं रिकामं होत चाललंय. गेल्या रविवारी मुबशिरा आली तर तिला म्हणाला, "या, कुणाकडं आलासा?" पोरगी मोरीत जाऊन रडली. मला अजून ओळखतो. डॉक्टर म्हणाले, औषधानं थोडं थोपवता येतं, मागं फिरवता येत नाही. जे ओळखतात ते त्यांच्या नजरेसमोर असू द्या. मी विचारलं, "आणि मला कधी विसरणार?" डॉक्टर चष्मा पुसत बसले. एवढं शिकलेला माणूस, एका प्रश्नाला उत्तर येऊ नये?

मला भ्या वाटतंय. भाबींना सांगणार न्हाय, इथं लिहितोय. ज्या दिवशी भाईच्या तोंडातनं माझं नाव जाईल त्या दिवशी मी काय करू?

१४ ऑक्टोबर, बुधवार

भाई काय ओळखतो ते आज लिहितो. गाडी ओळखतो.

चौसष्ट सालची जावा मोटरसायकल हाय. भाईनं ती जुनी घेतली आणि मागच्या चाकाजवळ लोखंडी कमान वेल्ड करून त्यावर साण बसवली. गाडी स्टँडवर उभी करायची, मागच्या चाकाला रबरी रूळ टेकवायचा, इंजिन चालू केलं की चाक फिरतंय, चाकानं रूळ फिरतोय, रुळानं साण फिरतीया. पाय मारत बसायला नको. वडगाव, हुपरी, कागल, सगळे बाजार त्यानं बावीस वर्षं या गाडीवर केले. मग गुडघे गेले आणि गाडी आठ वर्षं झाली, अंगणात ताडपत्रीखाली उभी हाय.

रोज सकाळी चहा झाला की भाई ताडपत्री काढतो. फडक्यानं गाडी पुसतो. मग स्टूल घेऊन मागच्या चाकाजवळ बसतो आणि साणेवर तळवा ठेवतो. "आज वडगाव," म्हणतो. दुपारपर्यंत बसतो, कुणाला त्रास न्हाय. भाबी म्हणतात, तेवढा वेळ माणूस घरात असतो.

पण गाडीची दशा बघवत न्हाय. टाकीला पोचा, क्रोम उडालेलं, एक सायलेन्सर गायब, मडगार्ड गंजून जाळी झालेलं. आमच्या वाडवडलांनी तलवारी लखलखीत केल्या म्हणून आम्ही शिकलगार, आणि आमच्याच दारात गंजलेलं लोखंड! लोक काय म्हणत असतील?

आज बघता बघता डोक्यात आलं. ही गाडी मी करणार. रमजान ईदेपर्यंत पहिल्यासारखी करायची, भाईला मागं बसवायचं आणि वडगावच्या बाजारातनं हिंडवून आणायचं. चालत्या गाडीवर वारा लागला की डोक्यातली गाठ सुटणारच. डॉक्टर म्हणाले नजरेसमोर ठेवा. ठेवतो की, नवी करून ठेवतो.

१८ ऑक्टोबर, रविवार

आज गाडी उघडली. माझा एक नियम हाय, मशीन उघडायचं तर पुरतं उघडायचं. दुसऱ्याची चूक आत ठेवून वरनं रंग मारणारे उद्यमनगरात पायलीला पन्नास पडलेत, मी त्यातला न्हवं.

भाई स्टुलावर बसून होता. मी एका नटाशी झटत होतो तर म्हणाला, "दस्तगीर, तेराचा लावतोयस व्हय? चौदाचा घे."

घेतला. बसला की!

"तुझा हात अजून जड हाय," म्हणाला आणि हसला. मग स्वतः उठून प्लग काढला, नखानं काजळी खरवडली आणि म्हणाला, "तेल जास्त पडतंय हिला." दिवसभर पाने हातात देत होता, न सांगता, नेमके. एवढं शुद्धीवर मी त्याला वर्षभरात बघितलं न्हवतं. भाबी दारात उभ्या राहून पदरानं डोळे टिपत होत्या. मला तर नाचावं वाटत होतं.

संध्याकाळी सगळे भाग पोत्यांवर मांडले. भाई बघत राहिला. "आता जोड," म्हणाला.

"थांब की भाई, दोन-तीन महिने लागतील."

"उद्या वडगाव हाय."

मी हसलो. त्याच्या पाठीवर थाप मारली.

१९ ऑक्टोबर, सोमवार

भाई सकाळी फडकं घेऊन अंगणात गेला, आणि जिथं गाडी असायची तिथं बराच वेळ उभा राहिला. नंतर बघतो तर फाटक उघडं आणि भाई न्हाय. चहावाल्या बाळासोनं त्याला उद्यमनगरच्या चौकातनं आणून सोडलं. फडकं हातातच होतं.

"चाचा सगळ्या गाड्यांकडं वाकून बघत चाललेले," बाळासो म्हणाला.

हवा पालटली की असं होतं म्हणतात. फाटकाला कडी लावली.

१ नोव्हेंबर, रविवार

भाबींशी वाजलं.

गुंडू पेंटर आलता. ट्रक रंगवणारा गुंडू, माझा तीस वर्षांचा दोस्त. तो म्हणाला, मागची कमान काढ, बांधा बिघडलाय गाडीचा, मूळ कंपनीची गाडी कशी देखणी दिसती. मलाही तेच वाटत होतं. गॅसकटर पेटवला तोवर भाबी बाहेर आल्या.

"दस्तगीर, साण तेवढी ऱ्हाऊ दे."

"भाबी, कंपनीनं दिलीती का ती?"

"तुझ्या भावानं लावलीया."

"पोटासाठी लावलीती. आता पोट भरलंय की आपलं. आता त्याला राजासारखं मागं बसवून नेणार मी."

"राजा न्हवता तो. धारवाला होता," एवढंच बोलल्या आणि आत गेल्या. बायकांना जुन्या वस्तूंचा मोह फार.

खरं लिहायचं तर लिहितो. मला त्या साणेची लाज वाटायची. शाळेत होतो तेव्हा भाई खांद्यावर साण घेऊन शाळेवरनं जायचा, "धाऽर लावायची का धाऽर" म्हणत, आणि पोरं माझ्याकडं बघून साणेसारखे दात करकर वाजवायची. पुढं कारखान्यात लागल्यावर एकदा माझा विसरलेला डबा द्यायला या गाडीवरनं गेटपाशी आला, तर फोरमननं घरच्या कात्र्या मागवल्या धार लावायला आणि सगळे हसले. मी भाईला म्हणलं, इथं येत जाऊ नको. त्यानंतर तो कधी आला न्हाय. मी त्यासाठी त्याची माफीही मागितली न्हाय आणि आता मागून त्याला कळणार काय?

कमान कापली. भंगारवाल्याला देऊन टाकली. साणेचा दगड तेवढा भाबींनी उचलून आत नेला, कशालातरी टेकू लावायला हवा असंल. कापल्यावर गाडी खरंच हलकी आणि देखणी दिसाय लागली.

भाई: दिवसभर घरात झोपून. जेवताना भाबींना 'अम्मा' म्हणाला.

८ नोव्हेंबर, रविवार

टाकी झाली. डाव्या अंगाला मोठा पोचा होता, हुपरीच्या वाटेवर बैल आडवा आलता तेव्हाचा. गुंडूनं त्यावर सळईचा टाका मारून पोचा ओढून काढला, लांबी म्हंजे पुट्टी भरली, घासून आरशासारखं केलं. उजव्या अंगाला भाईच्या मांडीनं रंग घासून पत्रा उघडा पडलेला, तोही बुजला. आता मरून रंगाचे तीन हात आणि बाजूच्या पट्ट्यांना नवं क्रोम.

भाईला मुद्दाम बाहेर आणलं. त्यानं टाकीवर तळवा फिरवला. पोचा होता तिथं आला, पुढं गेला, परत मागं आला. तीन-चारदा तसं केलं. मग आपल्या तळव्याकडं बघितलं.

"कसं गुळगुळीत झालंय बघ भाई."

आत जाऊन भर दुपारी झोपला. रंगाच्या वासानं डोकं धरलं असंल, इतक्या जवळ आणायला नको होतं.

२९ नोव्हेंबर, रविवार

तीन आठवडे वही उघडली न्हाय, कारण लिहिण्यासारखं काही न्हाय. गाडीचं लई झालं. सिलिंडर बोअर केला, पिस्टन नवा, हँडलची रबरं नवी, सीटचं कातडं नवं. जुन्या रबरांवर भाईच्या बोटांच्या खुणा पडलेल्या, इतकी झिजलेली. टाकून दिली.

भाई: सकाळी अंगणात यायचं बंद केलंय. फडकं मात्र खिशात असतं. भाबी ते धुवायला घेऊ बघतात तर देत न्हाय.

भाई: मुबशिरा आलती. ओळखलं न्हाय. जावयाला विचारलं, "तुमच्याकडं बाजार कधी भरतो?"

भाई: मला दोनदा हाक मारली, नाव घेऊन. म्हणजे औषध लागू पडतंय.

२१ डिसेंबर, सोमवार

रमजान लागला. भाईला रोजा धरू नको म्हणून सगळ्यांनी सांगितलं, पण सहरीला, पहाटेच्या जेवणाला, आमच्या आधी उठून बसतो. दुपारी विसरतो आणि माठातलं गार पाणी घटाघटा पितो. भाबी घाबऱ्या झाल्या. मी मौलानांना विचारलं तर ते म्हणाले, विसरून प्यालं तर रोजा तुटत न्हाय, अल्लानंच पाजलं असं समजा. मी भाईला म्हणलं, "मजा हाय गड्या तुझी, पाणी पिऊन पुण्य घेतोस." तो खुशीत हसला. काय कळलं कुणास ठाऊक, पण हसला. लई दिवसांनी घरात तिघंही एकदम हसलो.

रात्री नमाजनंतर मात्र मला विचारलं, "माझी गाडी कुठं लावलीस?"

"अंगणातच हाय की."

"ती न्हवं," म्हणाला.

झोपेत असंल.

१० जानेवारी १९९९, रविवार

इंजिन लागलं! तिसऱ्या किकला. जावाची किक आणि गिअर एकच दांडी, ती मागं पाडून पाय मारला की कसं सुख वाटतं ते लेथवाल्यालाच कळावं. जुनी गाडी एका सायलेन्सरवर फटफट करायची, सगळी गल्ली उठायची. आता दोन्ही सायलेन्सर नवे, आतल्या जाळ्या नव्या, आवाज असा मऊ की दाणे भरडतंय जणू कुणीतरी. गुंडूनं तर मला उचलूनच घेतलं, रोज्याचा माणूस मी, चक्कर आली.

भाई आत बसला होता. आवाज ऐकून भाबींना म्हणाला, "कुणीतरी आलंय बघ."

आवाज ऐकला म्हणायचा. कान जागे हाईत.

आता मागची सीट. भाईला पाठ टेकायला उंच गादी करणार, दोन्ही अंगाला धरायला दांड्या, पायाला रुंद पट्ट्या. ओळखीच्या लेथवर दांड्या मीच फिरवल्या आणि पॉलिशही मीच मारलं. सहाची बत्ती काढून बारा व्होल्टची केली. एवढे दोन-तीन बदल सोडले तर गाडी कंपनीतनं आज निघाल्यासारखी. माझ्या हातनं आजवर असं काम झालं न्हवतं. वहीत अभिमान लिहायला हरकत न्हाय.

भाबी बघायला आल्या. बराच वेळ गाडीभोवती फिरल्या. "छान झालीया," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "दस्तगीर, त्यांना आवडंल न्हवं?"

"आवडंल म्हंजे? ओळखणार बघा."

ईदेच्या दुसऱ्या दिवशी

काल लिहिणं झालं न्हाय. आजही हात चालत न्हाय.

ईदेची नमाज झाली, शिरखुर्मा झाला. मुबशिरा, जावई, गुंडू, बाळासो, गल्लीतली दहा-बारा माणसं अंगणात. भाईला नवा कुर्ता, टोपी, अत्तर. मी चादर ओढली. उन्हात गाडी अशी झळाळली की पोरांनी शिट्ट्या मारल्या.

भाई लांबनं बघत राहिला. मी हात धरून जवळ नेलं.

"लई झ्याक हाय," म्हणाला. "कुणाची हाय?"

"तुझी, भाई. तुझी जावा."

भाईनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी थट्टा करतोय. मग पोरं टाकीला हात लावत होती त्यांना दटावलं, "ए, हात लावू नका रे. लोकाची वस्तू हाय." आणि आपण स्वतः दोन पावलं मागं सरला.

गुंडूनं आणि जावयानं त्याला उचलून मागं बसवलं. मी गाडी काढली. वडगावची वाट धरली. वारा लागत होता, ऊन कोवळं होतं, सगळं मी ठरवलंतं तसंच. मागं भाई पाय आखडून, हात मांडीवर ठेवून बसला होता. मी केलेल्या दांड्या त्यानं धरल्या न्हाईत.

शिरोलीच्या पुढं गेल्यावर माझ्या पाठीवर बोट टेकवलं. "जरा थांबवता?"

मी थांबवली.

"मला माघारी सोडा. माझी गाडी घरात एकटी हाय."

मी गाडी वळवली आणि त्याला आणलं. अंगणात उतरला तो थेट त्या जुन्या जागेपाशी गेला. मुबशिरा माझ्याकडं बघत होती. मी माडीवर जाऊन दार लावून घेतलं.

२७ जानेवारी, बुधवार

भाई हुडकतोय. घडी घातलेली ताडपत्री उघडून खाली बघतो. मोरीत, माडीच्या जिन्याखाली, शेजाऱ्यांच्या अंगणात. नवी गाडी मधी उभी हाय तिला वळसा घालून जातो. मी वैतागलो, ओरडलो त्याच्यावर. "ही काय हाय मग? डोळं फुटलं काय तुझं?" आयुष्यात पहिल्यांदा भाईवर ओरडलो. त्यानं दोन्ही हात डोक्यावर धरले, मी मारणार असं वाटलं त्याला.

भाबी मधी आल्या. त्या माझ्यावर ओरडल्या न्हाईत. म्हणाल्या, "त्यांच्या डोक्यात एकच खोली उघडी राहिलीती, दस्तगीर. तिथलं सामान तू हलवलंस."

"मग आधी का सांगितलं न्हाय?"

"सांगितलं की."

१ फेब्रुवारी, सोमवार

वही घेऊन डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी पानं उलटली, मधीच थांबले, मागं गेले. मग वही माझ्याकडं सरकवली. "तुम्ही हे परत वाचलंय का?"

"लिहिलंय मीच की."

"बाहेर बसा आणि एकदा सलग वाचा."

बाकावर बसून मी माझीच वही वाचली. गाडी उघडली, दुसऱ्या दिवशी भाई हरवला. साण कापली, भाई झोपून राहिला. पोचा काढला, अंगणात यायचं सोडलं. तारखेसकट सगळं माझ्याच अक्षरात. मी लिहीत होतो आणि मलाच दिसत न्हवतं! गुंडूला बोट दाखवून उपयोग न्हाय, कटर माझ्या हातात होता. गंज दिसला की मला राहवत न्हाय. जे झिजलेलं होतं ते सगळं भाईच्या हातांनी झिजलंतं, आणि मी तेच काढून टाकलं. गाडी मीच नेली त्याच्यापासनं.

परत आत गेलो. डॉक्टर म्हणाले, "आजार तसाही पुढं जाणारच होता. तुमच्यामुळं झालं असं मी म्हणणार नाही."

"मग कुणामुळं?"

पुढच्या पेशंटला बोलावलं त्यांनी. त्यांचंही बरोबर हाय. बाकावर बसलेलं सगळं गाव रडणार तर त्यांनी किती जणांना बघायचं.

३ फेब्रुवारी, बुधवार

भंगारवाल्याकडं गेलतो. "मामा, तीन महिने झालं. तो माल फौंड्रीत गेला की," म्हणाला. फौंड्रीतही गेलो. तिथला माणूस हसला. त्याच्या भट्टीतनं तवर किती पंप ओतून निघाले. आता कुणाच्या तरी विहिरीवर बसली असंल कमान. हँडलची रबरं हुडकत कचऱ्याच्या कोंडाळ्यापर्यंत गेलो, शहाणा माणूस असं करंल काय? बाळासोनं हाताला धरून घरी आणलं, भाईला आणतो तसं.

१४ फेब्रुवारी, रविवार

नवी कमान केली. आठवून आठवून केली, मुद्दाम वेडीवाकडी वेल्ड केली, रंग दिला न्हाय. भाबींनी आपल्या पलंगाखालनं साणेचा दगड काढून दिला. तीन महिने फडक्यात गुंडाळून ठेवलाता. माझ्या तोंडाकडं न बघता हातात दिला आणि आत गेल्या.

गाडी जुन्या जागी स्टँडवर लावली. रूळ टेकवला. स्टूल ठेवलं. भाईला आणलं.

भाई बसला. साणेवर तळवा ठेवला. डोळे मिटले. त्याची बोटं दगडाच्या कडेवरनं फिरत होती, एक खपली होती तिथं थांबत होती. "वडगाव," म्हणाला, अगदी हळू. भाबींनी माझा दंड धरला.

मग त्यानं डोळे उघडले आणि ती मरून रंगाची टाकी बघितली. त्याचा चेहरा पडला. "लोकाच्या गाडीला माझी साण कुणी लावली?" म्हणाला. वाकून नट ढिला करायला लागला, बोटांनीच. नट निघेना, नख उलटलं, रक्त आलं, तरी थांबेना. शेवटी मी पाना आणून साण काढून दिली. चौदाचा. त्यानं दगड पोटाशी धरला आणि आत घेऊन गेला. आता तो उशाशी घेऊन झोपलाय.

गुंडू म्हणतो, टाकीवर हातोडा मार, परत पोचा पाड. मारला मी. त्यानं काय होणार? तो माझा पोचा झाला.

२८ फेब्रुवारी, रविवार

दोन आठवडे भाईनं मला नावानं हाक मारलेली न्हाय. मोजत होतो, वहीत लिहिलं न्हाय.

आज सकाळी चहा घेऊन अंगणात गेलो. भाई कट्ट्यावर बसलेला, मांडीवर साण. मला बघून बाजूला सरकला. खिशातलं फडकं काढून शेजारची जागा पुसली.

"या पावणं, बसा की. उन्हात का हुबं?"

बसलो. कप हातात तसाच.

"कुणाकडं आलासा?"

मी म्हणलं, "तुमच्याकडंच."

"धार लावायची व्हय? थोडं थांबावं लागंल. माझी गाडी हितं असती, साणेची. कुणीतरी नेलीया."

"सापडंल."

"सापडणार की. माझा धाकटा हाय, दस्तगीर. उद्यमनगरात लेथवर असतोय. असा कारागीर अख्ख्या कोल्हापुरात न्हाय, पावणं. कसलीबी मशीन असू द्या, हात लावला की चालू. त्यो हुडकून आणणार बघा."

त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुमी काळजी करू नगा. त्यो आला की तुमचंबी काम करतो."

"कधी सुटतो तो?"

"पाचला. तवर बसा. च्या घ्या."

मी माझ्या हातातला कप त्याला दिला. त्यानं अर्धा बशीत ओतून मला दिला. भाबी दारात येऊन बघून गेल्या, जेवायला हाक मारली, आम्ही उठलो न्हाय. पाच वाजेपर्यंत आम्ही दोघं तिथंच दस्तगीरची वाट बघत बसलो.